चाकांची सावड

खंडेनवमीला लेथला हार पडतो, वेल्डिंगच्या यंत्राला हळदकुंकू लागते, आगारातल्या एसटी गाड्यांवर झेंडूची तोरणे चढतात. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या कार्यशाळांतही हा दिवस मनापासून पाळला जातो. पूजा आटोपली, प्रसाद वाटून झाला, की तिथल्या रोबोटिक्स संघांचे खरे वर्ष सुरू होते. एबीयू रोबोकॉन या आशिया-पॅसिफिक स्पर्धेचा पुढचा विषय तोवर हाती आलेला असतो. दिवाळीच्या सुट्टीत घरी न जाता मुले-मुली कार्यशाळेत थांबतात आणि पहिला प्रश्न हातात घेतात: आपला रोबो चालणार कशावर? मोटारी कोणत्या, चाके किती, गिअर कोणता, सांगाडा ॲल्युमिनियमचा की लोखंडी? या सगळ्या जुळणीला मुले नुसते ‘बेस’ म्हणतात, पुस्तकात तिला ड्राइव्हट्रेन म्हणतात. राज्यभरातल्या कार्यशाळांत त्याच आठवड्यांत तोच प्रश्न सोडवला जातो, त्याच चुका केल्या जातात, तेच पैसे पुन्हा खर्च होतात, आणि एका कार्यशाळेतले कागद दुसरीत जात नाहीत. हे बदलावे, संघांनी आपल्या बेसची रेखाचित्रे एकमेकांना खुली करावीत, हे सांगण्यासाठी खंडेनवमीइतका योग्य दिवस दुसरा नाही.

हा प्रश्न पुण्याच्या पेठांत बसून जेवढा कळतो, त्याहून अधिक तो मार्गासनीत कळतो. पुणे-सातारा महामार्गावरून चेलाडी फाट्याला नसरापूरकडे वळून वेल्ह्याच्या रस्त्याला लागले की मार्गासनी येते. राजगडावर जाणारे इथून साखरमार्गे गुंजवण्याला जातात. पुष्कळांना हे गाव तेवढ्याच वळणापुरते माहीत असते. नवरात्रात इथली खाचरे पिवळी पडायला लागलेली असतात. पाऊस उदंड, जमीन उताराची, खाचरे लहान आणि एकाखाली एक उतरत गेलेली. मोठा ट्रॅक्टर अशा खाचरात वळत नाही, म्हणून चिखलणीला लोखंडी पिंजऱ्याच्या चाकांचा पॉवर टिलर उतरतो. त्याचा क्लच कधी घसरतो, साखळी कधी ताणायची, चाक चिखलात नुसतेच फिरू लागले तर वजन कुठे टाकायचे, हे इथल्या दहावीतल्या मुलाला कोणी शिकवावे लागत नाही. ड्राइव्हट्रेन ही वस्तू त्याने पाठ्यपुस्तकात पाहण्याआधी बांधावर पाहिलेली असते.

2024 साली रोबोकॉन व्हिएतनामच्या क्वांग निन्ह प्रांतात झाली. विषय होता सुगीचा. पायऱ्यापायऱ्यांच्या शेतीवर बेतलेल्या मैदानात रोबोंनी रोपे लावायची, भाताचे दाणे म्हणून ठेवलेले चेंडू उचलायचे, पोचट दाणे वगळायचे आणि भरलेले दाणे कणगीत टाकायचे. वेल्हे-भोरच्या मुलांच्या घरचेच हे काम. त्या वर्षी या खोऱ्यातल्या एखाद्या पोराने विषय वाचला असता, तर रोप किती खोल रोवायचे आणि चिखलात पाय कसा उचलायचा याचे त्याला वेगळे टिपण काढावे लागले नसते. त्याला अडले असते ते एकाच ठिकाणी: मैदानात सरळ चालणारा, जागच्या जागी वळणारा बेस त्याला कोण देणार?

भोर तालुक्यात धांगवडीला अभियांत्रिकीचे शिक्षण आहे, शिरवळची औद्योगिक वसाहत नीरा ओलांडली की समोर आहे. मुले हुशार आहेत आणि मेहनतीला मागे हटणारी नाहीत. तरी पुण्या-मुंबईच्या जुन्या संघांसमोर नव्या संघाची अवस्था कठीण असते, कारण जुन्या संघांकडे मोटारींपेक्षा मोलाची एक गोष्ट असते: पंधरा-वीस वर्षांच्या सीनियरांनी मागे ठेवलेले अनुभव. ते अनुभव कुठे छापलेले नसतात. कपाटातल्या जुन्या बेसमध्ये, कुणाच्या लॅपटॉपमधल्या कॅड फाइलमध्ये आणि पासआउट झालेल्या दादा-ताईंच्या फोन नंबरात ते असतात. नव्या संघाकडे फोन लावायला कोणी नाही.

नेमके काय अडते ते थोडे तपशिलात पाहिले पाहिजे, कारण बाहेरच्या माणसाला चार चाके आणि चार मोटारी यात अवघड ते काय असे वाटते.

सर्वांत साध्या बेसमध्ये डावीकडची चाके एका गतीने आणि उजवीकडची दुसऱ्या गतीने फिरवून वळण घेतात. रणगाडा असाच वळतो. चार चाकांचा लांबट बेस असा जागेवर वळवायला गेले की चाके जमिनीवर आडवी घासतात, मोटारी भरमसाट करंट खेचतात, बॅटरी बसते आणि मोटार चालवणाऱ्या ड्रायव्हर सर्किटचा धूर निघतो. यावरचा उपाय फार जुना आहे. सहा चाके घ्यायची आणि मधली जोडी बाकीच्यांपेक्षा सुमारे 3 मिलिमीटर खाली बसवायची. मग बेस एका वेळी चारच चाकांवर टेकतो, टेकलेली चाके एकमेकांच्या जवळ असतात आणि वळण हलके होते. एवढा 3 मिलिमीटरचा फरक ज्याला माहीत आहे त्याचे कित्येक आठवडे वाचतात. ज्याला माहीत नाही तो अधिक ताकदीच्या, अधिक महागड्या मोटारी आणतो आणि पुन्हा तिथेच अडकतो.

पुढची पायरी ओम्नी चाकांची. त्यांच्या परिघावर छोटे रोलर बसवलेले असतात, त्यामुळे चाक पुढे ढकलते पण आडवे सरकायला अडवत नाही. अशी तीन चाके 120 अंशांवर किंवा चार चाके कोपऱ्यांत तिरपी लावली की रोबो तोंड न वळवता कुठल्याही दिशेला जातो. मेकॅनम चाकात हेच रोलर 45 अंशांत तिरके असतात. 1970च्या दशकात स्वीडनमधल्या बेंग्ट इलॉन या अभियंत्याने ते काढले, त्याचे पेटंट घेतले, आणि पेटंटची मुदत संपल्यावर ते जगाचे झाले. आज ते तयार विकत मिळते. तयार मिळत नाही ते हे ज्ञान, की मेकॅनमचे एक चाक जरी जमिनीवरून जरासे उचलले गेले तरी रोबो भलतीकडे जातो. म्हणून सांगाडा थोडा लवचीक ठेवावा लागतो किंवा चाकांना सस्पेन्शन द्यावे लागते. त्यापुढे स्वर्व्ह: प्रत्येक चाक फिरवायला एक मोटार आणि वळवायला दुसरी, म्हणजे चार चाकांना आठ मोटारी. ज्यांना ते परवडते त्यांनी जरूर करावे.

जिथे बजेट तोकडे असते तिथे जुन्या बाजारातली गाडीची वायपर मोटार येते. स्वस्त, दणकट, भरपूर ताकदीची. पण तिचे एक टोक पुष्कळदा तिच्या बॉडीलाच जोडलेले असते. अशा दोन मोटारी लोखंडी सांगाड्यावर थेट बसवल्या आणि एक सुलटी, एक उलटी फिरवली, की सांगाड्यातूनच शॉर्ट होतो. ही गोष्ट कोणत्याही विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात नाही. ती जळलेल्या सर्किटने शिकवली जाते आणि ज्या तुकडीने शिकली ती पदवी घेऊन निघून जाते. तसेच स्प्रॉकेटचे, म्हणजे साखळीच्या दातेरी चाकाचे. गोल शाफ्टवर नुसत्या ग्रब स्क्रूने आवळलेले स्प्रॉकेट सरावात टिकते आणि सामन्यात फिरते. भोसरीतला कोणताही जुना टर्नर पाहताक्षणी सांगेल की शाफ्टला की-वे, म्हणजे चावी बसवायची खाच, काढा. पण त्या टर्नरपर्यंत पोचायला धांगवडीच्या मुलीला अर्धा दिवस घालवावा लागतो, आणि पोचल्यावर त्याला द्यायला तिच्याकडे व्यवस्थित ड्रॉइंग असावे लागते.

या सगळ्यात स्पर्धा कुठे आहे? क्वांग निन्हला गुण रोपे लावण्याला होते, दाणे निवडण्याला होते. पुण्यात 2008 साली रोबोकॉन झाली तेव्हा विषय ‘गोविंदा’ होता, हंडीतल्या लोण्याचा. 2022 साली नवी दिल्लीत ‘लगोरी’ होता, चेंडूने थर पाडायचा आणि पुन्हा रचायचा. आपल्याच अंगणातले हे खेळ जगभरच्या विद्यार्थ्यांनी यंत्रांकडून खेळवून घेतले. त्यातली कल्पकता हाताच्या रचनेत, नेम धरण्यात, डावपेचात होती. बेस तर सगळ्यांनाच लागत होता. जो भाग सगळ्यांना लागतो आणि ज्याला फारसे कोणी गुण देत नाही, त्यावरच सगळ्यांचे सर्वाधिक महिने जातात. परिणामी हंगाम संपत आला तरी कित्येक संघांचा रोबो चालत नसतो, आणि चालवणाऱ्याला सराव मिळत नाही. सामने सरावाने जिंकले जातात हे या क्षेत्रातला प्रत्येक जण जाणतो. बेस डिसेंबरात तयार झाला तर उरलेले महिने खऱ्या स्पर्धेला मिळतात.

मार्गासनीच्या शिवारात लावणीला सावड चालते. आज सगळी माणसे तुमच्या खाचरात, उद्या माझ्या. लावणी एकट्याच्या घराने वेळेत उरकत नाही, पाऊस थांबत नाही, म्हणून हात एकत्र येतात. पण सावडीने लावलेले भात ज्याचे त्याचेच राहते. कोणाचे पीक चांगले येईल ते त्याच्या जमिनीवर, बियाण्यावर आणि निगेवर ठरते. बेसची रेखाचित्रे खुली करण्यात याहून वेगळे काही नाही. कष्टाचा जो भाग सर्वांना सारखाच आहे तो वाटून घ्यायचा, आणि पिकाची चढाओढ पूर्वीसारखीच जोरात ठेवायची.

अमेरिकेत हे घडून गेलेले आहे. डीन केमन यांनी 1989 साली स्थापन केलेल्या ‘फर्स्ट’ या संस्थेची शाळकरी संघांसाठीची रोबोटिक्स स्पर्धा 1992 पासून भरते. तिथे नव्या संघाला हंगामाच्या सुरुवातीच्या संचातच चालू होणारा बेस मिळू शकतो. खाली उतरवलेल्या मधल्या चाकांची युक्ती त्यात आधीच असते. त्यामुळे पहिल्याच वर्षी उतरलेली खेड्यातली शाळा निदान मैदानात चालते तरी. गेल्या काही वर्षांत ‘ओपन अलायन्स’ या नावाखाली तिथले काही संघ हंगाम चालू असतानाच आपली कॅड फाइल, आपल्या चाचण्या, आपले फसलेले प्रयत्न सगळ्यांपुढे ठेवतात. यांतले काही संघ अव्वल दर्जाचे आहेत. दाखवल्यामुळे ते मागे पडले नाहीत. मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते त्या स्पर्धेच्या नियमपुस्तिकेत अनेक हंगाम असलेले एक कलम: हंगाम सुरू होण्याआधी केलेले डिझाइन वापरायचे असेल, तर त्याच्या मूळ फाइली त्याआधीच सर्वांसाठी खुल्या झालेल्या असल्या पाहिजेत. चांगुलपणाचा उपदेश कोणालाच करावा लागला नाही. नियमानेच काम झाले.

आपल्याकडे खुलेपणाचे वावडे आहे असेही नाही. उलट आपल्या प्रत्येक रोबोचे अर्धे अंग खुलेपणाच्या पुण्याईवर उभे आहे. आर्दुइनोचा बोर्ड 2005 साली इटलीत जन्मला. त्याच्या निर्मात्यांनी सर्किट खुले ठेवले म्हणूनच आज पुण्यातल्या तपकीर गल्लीत त्याची नक्कल काही शे रुपयांत मिळते आणि नसरापूरच्या मुलाला परवडते. रोबोला रस्ता शोधायला शिकवणारी ‘रॉस’ ही प्रणाली खुली आहे. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत दिसणारे स्वस्त थ्रीडी प्रिंटर हे ब्रिटनमधल्या एड्रियन बोयर यांच्या ‘रेपरॅप’ या खुल्या प्रकल्पाची नातवंडे आहेत. सर्किट घेतले, कोड घेतला, प्रिंटर घेतला. सगळे जगाकडून मोकळ्या हाताने घेतले. मग लोखंडाच्या आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची जुळणी तेवढी कपाटात का कोंडावी? मला वाटते, यामागे लबाडी कमी आणि सवय जास्त आहे. कोड जसाच्या तसा पाठवता येतो. लोखंडाचे ज्ञान हातात असते, ते कागदावर उतरवायचे म्हणजे जास्तीचे कष्ट. सामने संपल्यावर परीक्षा असतात आणि ते कष्ट राहून जातात.

महाराष्ट्रात मात्र हे कष्ट जन्मभर घेणारी माणसे झाली आहेत. अरविंद गुप्ता आयआयटी कानपूरचे अभियंते, पुण्यात टेल्कोमध्ये नोकरीला होते. पुढे पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या आयुकाच्या मुलांसाठीच्या विज्ञान केंद्रात त्यांनी टाकाऊ वस्तूंतून शेकडो खेळणी उभी केली, आणि प्रत्येक खेळण्याची कृती, चित्रे, पुस्तके कोणालाही फुकट घेता येतील अशी ठेवली. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या यांपासून आकार कसे जोडायचे हे त्यांच्यामुळे कुठल्या कुठल्या भाषांतल्या मुलांना कळले. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्तान लिव्हरमधले संशोधनाचे काम सोडून ते दुष्काळी गावात येऊन राहिले, कारण हाताने काम करत शिकलेले मूल लवकर शिकते यावर त्यांचा विश्वास होता. तिथे जुन्या जीपचे भाग वापरून छोटा ट्रॅक्टर बनवण्याचे कामही झाले. जीपचाच ड्राइव्हट्रेन, शेतीच्या कामाला लावलेला. अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेर उभ्या राहिलेल्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक पाबळलाच आहे. फॅब लॅबच्या जागतिक सनदेत म्हटले आहे की तिथे झालेले डिझाइन निर्मात्याने हवे तर विकावे, पण व्यक्तींना वापरायला आणि शिकायला ते उपलब्ध राहिले पाहिजे. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेला रुजलेला हा विचार पश्चिमेला, वेल्ह्याच्या खोऱ्यात यायला हरकत कसली?

हरकत घेणारे प्राध्यापक आहेत आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. तयार रेखाचित्र मिळाले तर मुले नक्कल करतील, विचार करणार नाहीत, असे त्यांना वाटते. ज्याने कधी दुसऱ्याच्या ड्रॉइंगवरून यंत्र बांधले आहे त्याला ही भीती फारशी पटणार नाही. ड्रॉइंगमध्ये बेअरिंग घट्ट बसते. प्रत्यक्षात भोक अर्ध्या मिलिमीटरने मोठे पडते. ड्रॉइंगमधली साखळी ताणलेली असते. प्रत्यक्षात ती सैल पडते आणि टेन्शनर कुठे बसवायचा हे स्वतःच ठरवावे लागते. नक्कल करताना मूल प्रत्येक पावलाला विचारते की मूळ माणसाने हे असे का केले असेल, आणि अभियांत्रिकी तिथेच सुरू होते. खरी नुकसानकारक नक्कल वेगळी असते. ती दिल्लीहून किंवा चीनहून आलेला बंद डबा विकत आणून, आत काय आहे ते न पाहता, रोबोला जोडण्यात असते. खुल्या रेखाचित्राने ती कमीच होईल.

मात्र नुसती कॅड फाइल टाकून कर्तव्य संपत नाही. त्रिमितीय फाइलबरोबर कार्यशाळेत भिंतीला लावता येईल असे मापांचे साधे ड्रॉइंग हवे, लेझर कटिंगवाल्याला थेट देता येईल अशी फाइल हवी, आणि सुट्या भागांची यादी अशी हवी की जो भाग मिळणार नाही त्याला पर्याय काय हेही त्यात लिहिलेले असेल. त्याहून मोलाचे म्हणजे काय फसले त्याची नोंद: कुठल्या सामन्यात कुठला शाफ्ट वाकला, कुठली मोटार तापली, किती वजनाला सांगाडा दबला. आणि हे मराठीत हवे. शाफ्ट, बेअरिंग, स्प्रॉकेट हे शब्द तसेच राहू देत, ते शिरवळच्या कामगाराचेही शब्द आहेत. पण का आणि कसे याची वाक्ये मराठीत असली, तर मार्गासनीतल्या शाळेतली आठवीतली मुलगीही ती वाचेल, आणि तिचे वडील टिलर दुरुस्त करताना त्यातले काही उचलतील. लहान खाचरात वळणारे हलके यंत्र हवे आहे, हे या खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक आहे. असे यंत्र बनवण्याची सुरुवात विद्यार्थ्यांच्या चांगल्या, खुल्या, तपासून पाहता येणाऱ्या बेसपासून होऊ शकते.

यात सरकारचाही पैसा गुंतलेला आहे. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनमधून शाळाशाळांत उभ्या राहिलेल्या टिंकरिंग प्रयोगशाळांची संख्या 10,000 वर गेली. एका प्रयोगशाळेला 20 लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळाले. पाच वर्षांत सरकारी शाळांत आणखी 50,000 प्रयोगशाळा उघडण्याची घोषणा 2025च्या अर्थसंकल्पात झाली. हा जनतेचा पैसा आहे. त्यातून निघालेले प्रत्येक रेखाचित्र जनतेला परत मिळाले पाहिजे, ही मागणी कोणालाही जास्त वाटू नये. डोंगरी तालुक्यातल्या शाळेला प्रयोगशाळा मिळाली आणि शिक्षकाला मार्गदर्शन करणारे कोणी नसले, तर संच खोक्यात पडून राहतो. शेजारच्या तालुक्यातल्या संघाचे तपासलेले ड्रॉइंग आणि चार ओळींची टीप त्या खोक्याचे झाकण उघडू शकते.

म्हणून राज्यातल्या संघांना आमची विनंती आहे: मागच्या हंगामातला बेस सोडवून त्याचे भाग नव्यात घालण्याआधी त्याची मापे घ्या, ड्रॉइंग काढा, चुका लिहा आणि ते सगळे खुले करा. मोठ्या, जुन्या संघांनी आधी करावे, कारण त्यांच्याकडे देण्यासारखे सर्वाधिक आहे. महाविद्यालयांनी या कामाला अंतर्गत गुण द्यावेत. प्रकल्प अहवालाच्या नावाखाली दरवर्षी जे कागद बांधून कपाटात जातात, त्यांपेक्षा ते नक्कीच उपयोगी पडेल. आणि स्पर्धांच्या आयोजकांनी, विद्यापीठस्तरीय असोत की राष्ट्रीय, आपल्या नियमपुस्तिकेत एका वाक्याचे कलम घालावे: मागील हंगामाचा बेस ज्या संघाने सर्वांसाठी खुला केला असेल, त्यालाच तो या हंगामात पुन्हा वापरता येईल.